माझ्या वाट्याची फेरी

सगळ्यात आधी लीला मॅडमचं नाव लिहितो. यंत्र कसं बंद पडलं आणि कसं उठलं, ते पुढे येईलच. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, लिहिता लिहिता मुद्दा हातातून सुटतो की काय ही धास्ती मला कायम. म्हणून नाव पहिल्याच ओळीत बांधून ठेवलं.

लीला मॅडम केरळच्या. आमच्या कंट्रोल रूमच्या शिफ्ट इनचार्ज. मी ठेकेदाराचा माणूस, गळ्यातला पास दरवर्षी नवा करून घ्यावा लागणारा. सुपरवायझर चौबेजींसाठी मी 'ए भंडारा'. माझ्या जोडीचा देवचंद, तुमसरकडचा, आंबागडच्या पायथ्याचा, तो मला मोऱ्या म्हणतो. लीला मॅडम तेवढ्या मोरेश्वर म्हणायच्या, पूर्ण. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरा कोणी आहे का म्हणून.

आता यंत्राचं सांगतो. हे ठिकाण आमच्या पवनी तालुक्यापासून फार दूर आहे. नाव लिहायची परवानगी मी मागितली नाही, भीतीच वाटली, म्हणून लिहीत नाही. जाड काँक्रीटचा एक गोल बोगदा आहे, त्याला सगळे टनेल म्हणतात. आत एक धातूची नळी गोल फिरवून दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. त्या नळीतून इलेक्ट्रॉन पळतात, म्हणजे विजेचे अगदी बारीक कण. त्यांना वळवायला जागोजागी चुंबकं, एकेक चुंबक बैलाएवढं. वळताना ते कण उजेड फेकतात, आणि तो उजेड घेऊन देशभरातले शास्त्रज्ञ आपापल्या वस्तूंच्या आतलं पाहतात. हे मी फोनवर बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावलं होतं, तेव्हा त्याने विचारलं, "मंग ते कन गोल गोल फिरून पोचते कुठं?"

"कुठंच नाई बा."

"मंग कायले फिरवता?"



माझं काम पाण्याचं आणि हवेचं. चुंबकं तापतात, म्हणून त्यांच्यातून थंड पाणी फिरवायचं; ते रबरी नळ्यांनी येतं. आणि मोठ्या नळीतली सगळी हवा काढून टाकायची, कारण हवा असली तर इलेक्ट्रॉन तिला धडकून मरतात. बाकी राहिलं ते 'सर्च'. त्याचं थोडं सविस्तर सांगावं लागेल.

यंत्र सुरू असताना टनेलमध्ये माणूस राहिला तर त्याचं काही खरं नाही. म्हणून सुरू करण्याआधी दोन माणसं पूर्ण फेरी मारतात. एक आतल्या भिंतीने, एक बाहेरच्या. चुंबकांखाली वाकून पाहायचं, मोठ्याने ओरडायचं, बाहेर या, मशीन सुरू होणार आहे. भिंतीवर ठरावीक अंतराने बटणं आहेत, ती ओळीने आणि ठरल्या वेळात दाबायची. एक चुकलं की परत पहिल्यापासून. फेरी झाली की गेट बंद करायचं. नंतर कोणीही कुठलंही दार उघडलं की सर्च मोडला, पुन्हा फेरी. प्रत्येकाला हे काम देत नाहीत. परीक्षा घेतात, आणि पास होणाऱ्यांचीच नावं फलकावर चढतात. ठेकेदाराच्या माणसांपैकी फलकावर माझं एकट्याचं नाव होतं. ते लीला मॅडमनीच चढवलं होतं.

मी परीक्षेत पास कसा झालो तेही सांगतो. बटणांचे क्रमांक माझ्या डोक्यात राहत नव्हते. मग मी एकेका बटणाला गावातल्या एकेका घराचं नाव दिलं. गेटजवळचं कवडूचं घर. मग सोमाजी. मग बयाबाईचा गोठा, शाळा, विहीर, आमचं घर, मग वळणावर मातामायचा, म्हणजे आमच्या गावदेवीचा, ओटा. आमचं गाव वैनगंगेच्या काठाला होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आम्ही नव्या वसाहतीत आलो. तिथे रस्ते सरळ आहेत आणि घरांना नंबर आहेत. जुन्या गावातून चालत जायला आता मला दुसरी जागा नव्हती. टनेलमध्ये फेरी मारताना मी बयाबाईच्या गोठ्यात वाकून पाहायचो, कोणी राहिलं का. ओरडायचो तेव्हा आवाज भिंतीला लागून परत यायचा.

बिघाड झाला तो उन्हाळ्यात. एका चुंबकाची पाण्याची नळी फुटली. पाण्याचा फवारा शेजारच्या विजेच्या जोडावर गेला, ठिणगी उडाली, आणि त्या ठिणगीने मोठ्या नळीच्या घडीदार पातळ तुकड्याला भोक पाडलं. हवा आत शिरली. वर्षानुवर्षं जपलेली पोकळी एका क्षणात गेली. मी तेव्हा पंपघरात होतो. सगळे पंप एकदम गप्प झाले. त्या बाजूच्या नळ्या मीच तपासत होतो.

बैठकीत चौबेजींनी माझ्याकडे पाहतच विचारलं की त्या भागाचा राउंड कोणाचा होता. मी उभा राहिलो. लीला मॅडमनी ती फुटलेली नळी टेबलावर ठेवली आणि ब्लेडने उभी चिरली. बाहेरून नवी दिसत होती, आतून उन्हात टाकलेल्या टायरसारखी कडक होऊन भेगाळली होती. त्या म्हणाल्या की हे बाहेरून कोणालाच दिसलं नसतं, मलाही नाही. आता सगळ्याच नळ्या बदलायच्या, तेव्हा त्याची यादी करू. बस, एवढंच. माझं नाव पुन्हा निघालं नाही. मी त्या रात्री जेवलो.

मग सुरू झालं उठवण्याचं काम, आणि ते काही महिने चाललं. जळलेला जोड काढला, नवा घडीदार तुकडा बसवला, सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. नळीतली हवा काढायला पंप लावले, पण धातूच्या अंगाला ओल धरून बसलेली असते, ती नुसत्या पंपाने निघत नाही. त्यासाठी पूर्ण नळीला तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळून, वरून चंदेरी कागद लपेटून, हळूहळू तापवतात. घाई केली तर जोड सुटतात. देवचंद म्हणायचा, "म्हशीले ताप आला, आन् आपन तिले गोधड्या घालून राहिलो." आम्ही त्या गोल बोगद्यात दिवसचे दिवस हात फिरवत चालायचो. कुठे जास्त गरम, कुठे कमी. आत उरलेली हवा मोजणाऱ्या मीटरचा आकडा खाली यायचा, अडायचा, परत यायचा.

या काळात वर कॅन्टीनमध्ये माणसं बसून असायची. पुण्याची एक मुलगी होती, तिला वर्षभर वाट पाहून यंत्राची पाळी मिळाली होती आणि नेमकं तेव्हाच हे झालं. ती मला भेटली की 'भैया, कब?' एवढंच विचारायची. एक म्हातारे प्राध्यापक जुन्या मूर्तीवरचा गंज बारीक बाटलीत घेऊन आले होते. परत जाताना ती बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरलेली, जसा काय त्यात जीव आहे. त्या लोकांकडे पाहून मला बरं वाटायचं. आम्ही ज्याला हात लावतो त्याची कोणी वाट पाहतं, हे रोजच्या कामात विसरायला होतं.

दसरा झाला आणि यंत्र उठायच्या बेताला आलं. चुंबकं एकेक करून सुरू केली. नळ्यांना हात लावून पाहिलं. आता सर्च घ्यायचा आणि बीम सोडायचा, बीम म्हणजे त्या इलेक्ट्रॉनांची धार. फलकावर दिवस लागला. सर्चच्या जोडीत माझं नाव होतं, सोबत एक साहेब. आणि कंट्रोल रूमच्या मुख्य खुर्चीवर लीला मॅडम. त्या हिवाळ्यात निवृत्त होणार होत्या. पूर्वी हे यंत्र पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्या नव्या होत्या, मागे उभ्या राहून पाहिलं होतं. आता आपल्या हाताने बीम सोडायचा, मग जायचं, असं त्या हसत हसत कितीदा बोलल्या होत्या.

तेव्हा बाचा फोन आला.

"बाबू, धरनाचं पानी यंदा पुरं भरून राहिले. मातामायचा ओटा बुडते. गावानं ठरवलं, तिले इकडं आनाचं. घरामागं एक गोटा."

जुन्या गावात फक्त तो ओटाच उंचावर होता, म्हणून इतकी वर्षं पाण्याबाहेर राहिला होता. गावाने असं ठरवलं होतं की ओट्याचे दगड गाडीत भरायचे नाहीत. प्रत्येक घरच्या माणसाने आपल्या हाताने एक दगड उचलायचा, पायी चालत नव्या वसाहतीत आणायचा, वाटेत खाली ठेवायचा नाही. त्या दगडांचाच नवा ओटा बांधायचा. ज्या घरचा दगड येणार नाही, त्या घराची जागा ओट्यात राहणार नाही. दुसऱ्या घरच्याने उचललेला चालणार नाही. हे कोणी रागाने ठरवलं नव्हतं. गाव विखरून जातं आहे, निदान या एका गोष्टीसाठी सगळे येतील, असा विचार होता.

बाला लकवा मारल्यापासून उजव्या हातात जोर नाही. माय गेली. बहीण सासरी अड्याळला, तिचा हात तिच्या सासरच्या घराचा. माझं लग्न अजून जमलेलं नाही. म्हणजे आमच्या घरचा हात एकच, आणि तो इथे टनेलमध्ये.

"आपल्या घरचा गोटा कोन उचलन?" बा म्हणाला. मग लगेच, "नाई जमत त राहू दे. तुही नवकरी हाये." हे म्हणाला त्याचाच मला जास्त त्रास झाला.

गावाने ठरवलेला दिवस तोच होता, बीम सोडायचा.

चौबेजींकडे गेलो. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, मशीन उठायला आणि तुला गावाला जायला एकच मुहूर्त सापडला का. मग सांगितलं की नव्या पासांसाठी नावं जाणार आहेत, स्टार्ट-अपला जो हजर नसेल त्याच्यासाठी मी भांडणार नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्यावरही कोणीतरी होतं. पास गेला तर मी परत जाणार कुठे? शेती पाण्यात. मासे धरायला बा जायचा, आता त्याचा हात चालत नाही. ही नोकरी होती म्हणून वसाहतीत आमच्या घराचं दार उघडं होतं.

देवचंद म्हणाला, "सांगून दे ना बे, माय बिमार हाये म्हून."

"माय कुठं आता."

"मंग मातामाय बिमार हाये म्हून सांग. ते काही खोटं नाई."

हसलो आम्ही, पण कोणाला काय सांगणार? दगड आणायला जायचंय? इथे जगातली मोठी मोठी माणसं येतात. मी रजेचा विषय सोडून दिला. फोन करून बाला नाही म्हणून सांगायचं ठरवलं, आणि दोन दिवस फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी मी आणि लीला मॅडम टनेलमध्ये नळ्या तपासत होतो. त्या गुडघ्यांमुळे हळू चालायच्या, मी पुढे जाऊन थांबायचो. वळणावर आलो, माझ्या मातामायच्या जागी, आणि मी तिथे जरा जास्तच वेळ थांबलो असेन. त्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. हिंदीत, तुटक तुटक. घरांची नावंसुद्धा सांगून टाकली, ती आजवर मी देवचंदलाही सांगितली नव्हती. सांगताना वाटलं, आता या मला भोळा समजतील.

त्यांनी हात पुसले. मग विचारलं, "पत्थर कितना भारी है?"

मी हातांनी दाखवलं. पाण्याचा भरलेला हंडा असतो तेवढा.

"रास्ता कितना है?"

मी सांगितलं, सकाळी निघालं की जेवणाच्या वेळेपर्यंत.

त्यांनी मान हलवली आणि पुढची नळी तपासली.

दुसऱ्या दिवशी फलकावर सर्चच्या जोडीत माझं नाव नव्हतं. तिथे त्यांचं नाव होतं; फलकावरच्या बाकी सगळ्यांना त्या दिवशी दुसरी कामं लागलेली होती. मुख्य खुर्चीपुढे एका तरुण साहेबांचं. सर्च करणाऱ्या माणसाला कंट्रोल रूममध्ये बसता येत नाही, आमच्याकडे पहिल्या बीमच्या वेळी तो गेटवर थांबतो, बीम स्थिर होईपर्यंत. मला ते ठाऊक होतं. मी धावत त्यांच्याकडे गेलो.

"मैडम, आपको तो कुर्सी पर बैठना था."

"कुर्सी पर बच्चे बैठेंगे. उनको सीखना है." मग म्हणाल्या, "चौबे को मैंने बोल दिया है. तुम जाओ, मोरेश्वर. घर का क्रम मुझे लिखा दो."

मी त्यांना घरांचा क्रम सांगितला. कवडू, सोमाजी, बयाबाई. त्या तोंडातल्या तोंडात म्हणून पाहत होत्या.

मी गेलो. तिथलं जास्त लिहीत नाही. ओट्यावरचा आमच्या वाटणीचा दगड बाने आधीच पाहून ठेवला होता, एका अंगाने शेंदूर लागलेला. मी तो छातीशी धरून उचलला. समोर पाणी पसरलेलं होतं, शांत, आणि त्याच्यात काही गेलंय असं त्याच्याकडे पाहून वाटत नव्हतं. आमची सगळी माणसं एका रांगेने चालली. कितीतरी वर्षांनी गावाने एका वाटेने पाय टाकले असतील. जी माणसं नागपूरला, सुरतला गेली होती तीही आली होती. सोमाजीचा पोरगा मागून म्हणत होता, "मोऱ्या, तुह्या गोट्यात का सोनं भरलं हाये, एवढा दाबून धरून राहिला?" हात भरून आले, खांदे जळायला लागले, तेव्हा बा माझ्या बाजूला आला. त्याने डावा हात दगडाखाली लावला. जोर त्याच्यात काहीच नव्हता. पण तो हात त्याने शेवटपर्यंत काढला नाही.

गवंड्याने दगड बसवला, लिंपून घेतला, तेव्हा देवचंदचा फोन आला. "आला बे बीम. फिरून राहिला." मागे टाळ्यांचा आवाज होता. मी फोन कानाला लावून नव्या ओट्यापाशी उभा होतो आणि मला टनेलची आठवण येत होती. असं कसं होतं, कोणास ठाऊक. तिथे असलो की इथलं आठवतं, इथे आलो की तिथलं.

परत गेलो तेव्हा देवचंदने खरं काय झालं ते सांगितलं. मला वाटलं होतं मॅडमनी एक फेरी मारली असेल. पहिल्या फेरीनंतर गेट बंद झालं, भोंगा वाजला, आणि पंपघराच्या बाजूचं दार कोणीतरी विसरलेला पाना घ्यायला उघडलं. सर्च मोडला. त्या परत चालल्या. दुसऱ्या वेळी बीम अर्ध्या वाटेवर मेला, एका चुंबकाचा जोड तपासायला आत माणसं गेली. पुन्हा फेरी. त्यानंतरही एकदा. सोबतचे साहेब म्हणाले, मॅडम, कोणालातरी बोलावून घेतो. त्यांनी नको म्हटलं.

"टनेलमध्ये काय काय ओरडत होती मालूम?" देवचंद म्हणाला. "ते साहेब सांगे. म्हने मॅडम म्हनत होती, बयाबाई के घर कोई नहीं. स्कूल में कोई नहीं. साहेबाले वाटलं, म्हातारीले चक्कर येऊन राहिली."

तो हसत होता, मीही हसलो.

"आन् बीम आला ना," देवचंद म्हणाला, "तवा ते गेटवर पलास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. वर सगळे टाळ्या वाजवून राहिले. मी खाली जाऊन म्हनलो, मॅडम, जा ना वर, पाहा तरी. त म्हने, गेट छोड़ने का नहीं. गुडघे धरून बसली होती. फोनवर ऐकलं तिनं."

मी मॅडमकडे गेलो. मनात एकच चाललं होतं, माफी मागावी की पाया पडावं. त्यांनी मला तोंड उघडूच दिलं नाही.

"पत्थर बैठ गया?" त्यांनी विचारलं.

"बैठ गया, मैडम."

"अच्छा," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

माझा पास नवा झाला. हिवाळ्यात त्या निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या, समुद्राच्या बाजूला. निरोपाला सगळ्यांची भाषणं झाली, यंत्र त्यांनी कसं घडवलं, कसं उठवलं. त्या फेऱ्यांबद्दल कोणी बोललं नाही, कारण त्या कोणासाठी मारल्या ते फारसं कोणाला माहीतच नव्हतं. मी शेवटच्या रांगेत उभा होतो. बोलायला मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी जमलं नसतं. ते मनात राहिलं, म्हणून हे लिहिलं.

यंत्र आता सुरळीत चालू आहे. पुण्याची ती मुलगी येऊन गेली, आपलं काम करून गेली. मी अजून सर्चच्या फेऱ्या मारतो.

आमच्याकडे मातामायच्या पूजेला घरची बाई आपापल्या घरच्या दगडावर पाणी घालते. आमच्या दगडावर गेल्या वेळी कोणी घातलं नाही. बा म्हणाला, शेजारणीला सांगू. मी म्हटलं, राहू दे. मॅडम, तुम्हाला मराठी वाचता येत नाही, पण देवचंद म्हणतो तो फोनवर वाचून दाखवेल, हिंदी करून. एका वर्षी मी तुम्हाला आमच्या गावी घेऊन जाणार आहे. कोणत्या, ते तुमच्या तब्येतीवर. आमच्या घरचं पाणी तुमच्या हातचं असेल. बाला सांगून ठेवलंय, तो म्हणाला, मॅडमले आनजो. फाट्यापासून ओट्यापर्यंत थोडा चढ आहे. गुडघे ऐकले नाहीत तर सावकाश जाऊ, वाटेत बसत बसत जाऊ. त्या दिवशी मला कुठेही पोहोचायची घाई नसेल.